दोन छोटे भोंगे

४ जानेवारी

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. क्रेनच्या इंजिनाने तुझा उजवा कान खाल्ला तेव्हापासून फोनवर आपलं धड बोलणं होत नाही. तू "मोठ्याने बोल" म्हणतोस, मी ओरडते, मग मामी फोन घेते आणि विषय भलतीकडे जातो. म्हणून म्हटलं, लिहावं.

बातमी अशी की तुझी भाची या वयात पुन्हा विद्यार्थिनी झाली आहे. रुग्णालयाच्या चौकशी खिडकीत सोळा वर्षं बसल्यावर आता संध्याकाळी वर्गाला जाते. विषय संज्ञापन, म्हणजे माणसं एकमेकांना काही सांगतात तेव्हा नेमकं काय घडतं त्याचं शास्त्र. आई म्हणाली, "त्यात शिकायचं काय? तुझं तोंड तर जन्मापासून चालू आहे."

पण मामा, मजा येते. बाई फळ्यावर आकृत्या काढतात, त्यांना नमुने म्हणायचं. पहिल्या नमुन्यात नुसता एक बाण. एकाने सांगितलं, दुसऱ्याला मिळालं, वाटेत जो काही अडथळा येईल त्याला म्हणायचं गोंगाट. ध चा मा होतो तो तिथे. दुसऱ्या नमुन्यात बाण परत येतो, त्याला प्रतिसाद म्हणायचं. माझ्या खिडकीच्या काचेला एकच भोक आहे. लोक त्यातून विचारतात, आणि मी उत्तर द्यायला लागले की तोंड काढून तिथे कान लावतात. कान लावलेल्या माणसाचा चेहरा मला दिसत नाही, त्यामुळे त्याला कळलं की नाही हे देवालाच ठाऊक. सोळा वर्षं हे बघत होते, पण त्यात शास्त्र आहे हे आता समजलं.

मार्चच्या मध्यापर्यंत निबंध द्यायचा आहे, उदाहरण आपल्या ओळखीतलं हवं. मला पहिला तू आठवलास. तू वर क्रेनच्या केबिनमध्ये, तुझे दोस्त खालचे काका खाली बंदराच्या धक्क्यावर, आणि दिवसभर एक शब्द न बोलता तुमचं सगळं बिनबोभाट चालतं. कसं ते लिहून पाठव. या निबंधावर वर्षाचे निम्मे गुण आहेत, तेव्हा आळस नको.

तुझी,
टकळी

१३ जानेवारी

प्रिय टकळीस,

उंटावरून शेळ्या हाकणं हा माझा पोटाचा धंदा आहे, पण त्यावर कोणी निबंध लिहील असं वाटलं नव्हतं. तुझी मामी पत्र वाचून दोन वेळा हसली, कुठे ते सांगत नाही.

तर ऐक. जहाज दुरुस्तीला धक्क्याला लागलं की त्याचे सुटे भाग आम्ही उचलतो आणि ठेवतो. मी एकशे चौदा पायऱ्यांच्या लोखंडी शिडीवरच्या केबिनमध्ये. मला हुक दिसतो, पण वजन नेमकं कुठे टेकतंय ते दिसत नाही. ते खालच्याला दिसतं. म्हणजे डोळे त्याचे आणि हात माझे. त्याने बोट वर करून फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की उतरव, हात आडवा हलवला की थांब. त्याचा इशारा आला की मी दोन छोटे भोंगे द्यायचे, म्हणजे "समजलं". आणि मला उलट काही कळवायचं असेल तर मी खिडकीतून हात दाखवायचा, त्याने शिट्टी मारायची, दोन छोट्या. तेही "समजलं". दोन म्हणजे समजलं, वरून असो की खालून.

हे झालं पुस्तकातलं. खरं सांगायचं तर गेली सहा वर्षं मी भोंगा वाजवत नाही. हुक हलला की त्याला कळतंच. आम्हाला वॉकीटॉकीचे दोन संचही मिळालेत. ते बिघडलेत असं आम्ही दोघांनी साहेबांना वेगवेगळं जाऊन सांगितलं, न ठरवता. एवढं एकमत आमच्यात अजून आहे.

आम्ही बोलत नाही, टकळे. का ते विचारू नकोस. तो ३१ मार्चला निवृत्त होतोय, सुंठीवाचून खोकला जाईल.

तुझा,
वरचा मामा

२० जानेवारी

प्रिय मामा,

"विचारू नकोस" असं तू मला लिहितोस म्हणजे तू मला ओळखत नाहीस, किंवा फार चांगला ओळखतोस.

मला हे माहीतच नव्हतं. खालच्या काकांनी मला पहिली शिट्टी दिली होती, आठवतं? आठवडाभर वाजवून मी तुमचा जीव नको केला होता, आणि काका म्हणाले होते, "वाजू दे, समजलं म्हणतेय ती." बारा महिने तुमच्या घरी त्यांचा कप वेगळा ठेवलेला असायचा, कान तुटलेला. तो कुठे गेला?

बाईंना तुझं पत्र दाखवलं (शेवटचा भाग झाकून). त्या खूश झाल्या, पण लगेच बोट ठेवलं: "भोंगा वाजत नाही, म्हणजे परतीचा बाण नाही. हुक हलणं हे कामाचं उत्तर झालं, माणसाचं नाही." मला ते झोंबलं, तुझ्या वतीने.

काय झालं ते सांग. निबंधात लिहिणार नाही, शपथ.

टकळी

२ फेब्रुवारी

प्रिय टकळीस,

कप आहे. मामीने फडताळात मागे ठेवलाय.

सहा वर्षांपूर्वी एका जहाजाचा पाण्याखाली फिरणारा पितळी पंखा दुरुस्त होऊन परत बसवायचा होता. माणसापेक्षा उंच पाती. खालच्याने बोट खाली फिरवलं, मी उतरवला, पंखा धक्क्याच्या कडेला आपटला आणि एक पातं वाकलं. चौकशी झाली. त्याने साहेबांना माझ्या तोंडावर सांगितलं, "मी थांबचा इशारा दिला होता. वरच्याला दिसला नसेल."

मी काही बोललो नाही. वीस वर्षांचा दोस्त तोंडावर खोटं बोलतोय म्हटल्यावर माझी वाचाच बसली. मला डोळे तपासायला पाठवलं. डोळ्यांच्या डॉक्टरने सगळ्यात खालची ओळ वाचून घेतली आणि म्हणाला, "तुम्ही इथे आलात कशाला?" तरी पंधरा दिवस खाली बसून साखळ्यांना ग्रीस लावलं. येणाराजाणारा विचारायचा, आता दिसतं का.

सोळाव्या दिवशी वर चढलो. वाटलं होतं, हा येईल, दोन शब्द बोलेल. दिवसभर आला नाही. संध्याकाळी काम संपल्यावर धक्क्याच्या मधोमध उभा राहिला, वर पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. कोपरापासून नमस्कार. म्हणजे बाबा रे, तुझ्यापुढे हात टेकले, तुझा माझा संबंध संपला. चोर तो चोर वर शिरजोर.

बरं, एकदा करून थांबावं. सहा वर्षं रोज संध्याकाळी तेच. मी बघतो न बघतो आणि शिडी उतरायला लागतो. तुला सांगतो, पातं वाकल्याचं दुःख कधीच गेलं, हे जोडलेले हात मात्र रोज टोचतात.

लिहून मोकळं वाटलं. आता यावर शास्त्र पाजळू नकोस.

वरचा मामा

८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पाजळणार. बस आणि वाच.

ग्रंथालयात क्रेनच्या इशाऱ्यांची पुस्तिका मिळाली. पंधरावा इशारा: "दोन्ही हात छातीसमोर एकत्र. सगळं थांबवा, ब्रेक लावा, काम संपलं." पुस्तिका नवी आहे, हा इशारा जुन्यात नव्हता. नवी आली त्या वर्षीचा हिशेब केला, तर तू ग्रीस लावत होतास तेव्हाची! काका नवा इशारा शिकले, तुला कोणी शिकवलाच नाही. ते रोज नियमाने "काम संपलं" सांगतायत आणि तू रोज नियमाने रागावतोयस.

बाईंचा तिसरा नमुना हाच. त्यात बाण नाहीतच, दोन वर्तुळं आहेत, एक सांगणाऱ्याच्या अनुभवाचं, एक ऐकणाऱ्याच्या. जेवढा भाग एकमेकांवर येतो तेवढंच समजतं. काकांच्या वर्तुळात पुस्तिका, तुझ्या वर्तुळात म्हणी. शपथ विसरून मी रात्रीतून निबंधाची चार पानं लिहून काढली आणि ह्यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, "मामांना कळवलंस का आधी?" म्हणून कळवतेय.

फक्त एक बघून सांग. चित्रात बोटं एकमेकांत गुंतवलेली आहेत. काकांची तशीच असतात ना?

विजयी,
टकळी

१९ फेब्रुवारी

प्रिय टकळीस,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस हलका होतो. मग मामीची पक्षी बघायची दुर्बीण घेऊन वर गेलो.

बोटं गुंतवलेली नाहीत. तळवे एकमेकांना चिकटलेले, बोटं सरळ वर. पुस्तकातला इशारा नव्हे, नमस्कारच. दुर्बिणीतून तो एवढा जवळ दिसला की मीच मागे सरकलो. तेवढं पाहिलं आणि दुर्बीण खाली ठेवली.

तेव्हा तुझी चार पानं फाड. मामी म्हणते, "हात जोडणारा माणूस रागावलेलाच असतो हे तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, तू पक्षी बघ.

वरचा मामा

२२ फेब्रुवारी

खालच्या काकांना नमस्कार.

मी वरच्यांची भाची, शिट्टीवाली. पत्ता आईकडून घेतला. मामाला हे पत्र माहीत नाही.

काका, तुम्ही रोज संध्याकाळी हात जोडता ते कशासाठी? मी एक अर्थ पुस्तकात शोधला, मामाने एक मनात धरलाय, आणि दोन्ही चुकीचे असावेत असं मला आता वाटतं. ज्याने हात जोडले त्याला विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. मी तर याचं शिक्षण घेतेय.

तुमची,
शिट्टीवाली

३ मार्च

मुली,

पत्र मिळालं. मी लिहिण्यात कच्चा आहे, समजून घे.

पंख्याच्या दिवशी बोट मी खाली फिरवलं होतं. चूक माझी. त्याआधी माझ्या दोन चुका नोंदल्या होत्या, तिसरीला नोकरी गेली असती. घरी दोन मुली शिकत होत्या. घाबरलो आणि खोटं बोललो. वरचा गप्प राहिला. त्याने तेव्हा माझी आईबहीण काढली असती तरी बरं वाटलं असतं.

तो परत वर गेला त्या दिवशी सकाळपासून जाऊन सांगायचं ठरवत होतो. शिडीपर्यंत तीनदा गेलो. पहिल्या पायरीवरून परत फिरलो. जन्मभर हातांनीच बोललोय. म्हणून संध्याकाळी हात जोडले, माफी मागितली. मनाशी धरलं, दोन भोंगे आले तर त्याने ऐकलं. आले नाहीत. म्हटलं, आज नाही तर उद्या.

नवीन इशारा आला तेव्हा साहेब म्हणाले बोटं गुंतव. मी गुंतवली नाहीत. तो इशारा वेगळा, माझा वेगळा.

हे त्याला सांगू नकोस. कोणी सांगून वाजवलेला भोंगा मला नको.

खालचा

६ मार्च

प्रिय मामा,

चार पानं फाडली. आता नवं लिहायचं म्हणजे प्रयोग हवा. एक काम करशील? एका संध्याकाळी, काकांनी हात जोडले की दोन छोटे भोंगे दे. पुढे काय होतं ते मला कळव. निबंधासाठी हं, बाकी काही नाही.

घाईत आहे,
टकळी

१२ मार्च

प्रिय टकळीस,

तू दोन ओळींत पत्र संपवलंस म्हणजे काहीतरी लपवतेयस. असो.

भोंगा वाजवणार नाही. बटण गंजलं होतं, ते मी तेल घालून मोकळं केलं, म्हणजे सबब सांगत नाही. पण दोन छोटे भोंगे म्हणजे "समजलं". मला काही समजलेलं नसताना मी ते वाजवायचे म्हणजे खोटा इशारा. खोट्या इशाऱ्याने काय होतं ते मी पाहिलंय. भाचीच्या गुणांसाठीही नाही. रागावू नकोस.

वरचा मामा

२० मार्च

प्रिय मामा,

रागावले नाही. तुझं पत्र वाचून मला स्वतःची लाज वाटली. तू बरोबर आहेस. निबंध मी देऊन टाकला, माझ्या खिडकीवर लिहिला, भोकावर. त्यामुळे आता मला तुझा भोंगा नको, प्रयोग नको, काही नको.

पण त्या निबंधासाठी मी आठवडाभर खिडकीसमोरची माणसं पाहिली, त्यातलं एक सांगते. ज्याचं माझ्यावर चिडून बोलणं संपलंय तो बोलला की निघून जातो. ज्याला उत्तर हवं असतं तो कान लावून थांबतो. शब्द तेच असतात, "झालं माझं." पण थांबणारा वेगळा आणि जाणारा वेगळा.

तू दुर्बीण खाली ठेवलीस तेव्हा काकांचे हात जोडलेले होते. त्यानंतर ते काय करतात, मामा? सहा वर्षांत कधी पाहिलंस? अकरा दिवस राहिलेत.

टकळी

१ एप्रिल

प्रिय टकळीस,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी दुर्बीण घेऊन बसलो. त्याने हात जोडले. मी दुर्बीण खाली ठेवली नाही. त्याने हात सोडले, हेल्मेट मागे सरकवलं, मान वाकडी केली आणि डावा कान वर केला. तसाच उभा राहिला. मी मनात आकडे मोजले, सत्तरपर्यंत. मग हेल्मेट नीट केलं आणि गेला.

सत्तर आकडे, रोज, सहा वर्षं. आणि मी तेवढ्यात शिडीच्या वीस पायऱ्या उतरलेलो असायचो, त्याच्याकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी मला काम सुचेना. कोपरापासून नमस्कार करणारा माणूस कान वर करून थांबतो कशाला? मामी म्हणाली ते मी ऐकलं होतं, पण माझ्याही काचेला एकच भोक असावं. संध्याकाळी त्याने हात जोडले आणि मला समजलं. खरंच समजलं, तुझी शपथ. मी बटण दाबलं. दोन छोटे. सहा वर्षं न वाजलेला भोंगा तो, घसा बसल्यासारखा वाजला.

तो जागचा हलला नाही. मग खाली बसला, धक्क्यावर, भर ये-जा चालू असताना. मी घाबरलो, उतरायला दार उघडलं तर हा उठून शिडी चढायला लागलेला. साठाव्या वर्षी एकशे चौदा पायऱ्या. वर येऊन दाराला धरून उभा, दम लागलेला. म्हणाला, "बोट मी खाली फिरवलं होतं."

मी म्हटलं, "मला दिसलं होतं. माझे डोळे चांगले आहेत, डॉक्टरचा दाखला आहे."

मग आम्ही दोघं हसलो आणि तो रडलाही. मीही रडलो, तुझ्या मामीला सांगू नकोस. त्याच्याकडून तुझ्या पत्राचंही कळलं. टकळी असून महिनाभर तोंड मिटून बसलीस, शाब्बास. निबंधाला कितीही गुण मिळोत, माझ्याकडून पैकीच्या पैकी.

त्यानंतर वॉकीटॉकीचे संच आपोआप दुरुस्त झाले. आम्ही इतकं बोलायला लागलो की साहेबांनी वर फोन करून विचारलं, काम करताय की गप्पा मारताय? रविवारी तो घरी आला. मामीने कान तुटलेला कप पुढे केला.

काल त्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळी शेवटचं वजन टेकलं, त्याने हात आडवा हलवला, थांब. मी दोन भोंगे दिले. तो सवयीने हात जोडायला गेला आणि मधेच थांबला, आता कशासाठी जोडायचे म्हणून. तेव्हा मी केबिनची खिडकी उघडली. सहा वर्षं एक माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा होता आणि मी वर बसून राहिलो. माझीही माफी मागायची राहिली होती. पुस्तकात वरून खाली माफी मागायचा इशारा नाही. मी कमरेपर्यंत बाहेर वाकलो आणि हात जोडले, तळवे चिकटवून, बोटं सरळ. आणि थांबलो.

तो वर बघत राहिला. मग गळ्यातली शिट्टी तोंडात धरली.

दोन छोट्या आल्या.

तुझा,
वरचा मामा